नायगाराच्या कांठावरील जुगार

इ. स. १८२७ च्या उन्हाळ्यांत नायगारा नदीच्या दोन्ही तीरांवरील गांवांतून एक जाहिरात झळकली. ‘मिशिगन’ नांवाचें एक जुनें गलबत, त्यावर जिवंत जनावरें चढवून, मोठ्या धबधब्यावरून खालीं सोडलें जाणार होतें. हा बेत कोणा शास्त्रज्ञाचा किंवा लहरी श्रीमंताचा नव्हता. धबधब्याच्या आसपास ज्यांचीं हॉटेलें होतीं अशा तीन व्यापाऱ्यांचा तो होता. ८ सप्टेंबर रोजीं सुमारें दहा हजार माणसें कांठावर जमलीं. गलबतावर एक गवा होता, अस्वलें होतीं, कुत्रा होता आणि इतर लहानसहान जीव होते. कड्याजवळ येण्यापूर्वींच गलबत खडकांवर आपटून फुटूं लागलें. अस्वलांनीं शहाणपणानें पाण्यांत उडी घेऊन मधलें बेट गांठलें. बाकीचे बहुतेक प्राणी कड्यावरून गेले आणि मेले. प्रेक्षक रात्रीं हॉटेलांत उतरले, जेवले, प्याले. आणि व्यापाऱ्यांना जें हवें होतें तें मिळालें.

नायगारा ही तशी लहान नदी. ईरी सरोवराचें पाणी ऑंटेरिओ सरोवरांत नेणारा सुमारें छत्तीस मैलांचा हा प्रवाह. एका तीरावर अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें, दुसऱ्या तीरावर कॅनडा. मध्यें जमीन एकदम तुटलेली असून तेथें नदी दीडशें फुटांहून अधिक खालीं कोसळते. तेथून पुढें खोल व अरुंद घळ, खवळलेला ओघ आणि एक प्रचंड भोंवरा. असल्या देखाव्याला कोणा माणसाच्या करामतीची भर घालावयास हवी असें कोणालाहि वाटणार नाहीं. परंतु हॉटेलवाल्याची दृष्टि निराळी असते. धबधबा एक दिवसांत पाहून होतो आणि प्रवासी निघून जातो. त्याला थांबवावयाचें, पुन्हां आणावयाचें, तर धबधब्यांत कांहींतरी घडलें पाहिजे. या गरजेंतूनच तेथल्या साहसांचा व्यापार उभा राहिला, आणि त्याचा श्रीगणेशा मुक्या जनावरांच्या जिवावर झाला ही गोष्ट सूचक आहे. माणसांची पाळी येण्यास फक्त दोन वर्षें लागलीं.

सॅम पॅच हा सूतगिरणींतला कामगार होता. उंचावरून पाण्यांत उडी घेण्याची कला त्याला साधली होती. १८२९ च्या ऑक्टोबरांत त्यानें नायगाराच्या घळींत मचाण बांधून उडी घेतली. गर्दी मनासारखी झाली नाहीं, म्हणून दहा दिवसांनीं त्यानें आणखी उंच मचाणावरून दुसरी उडी घेतली. पुढल्या महिन्यांत रॉचेस्टर गांवच्या जेनेसी धबधब्यावर तोच क्रम झाला. पहिली उडी निर्विघ्न पार पडली, पण जमलेली रक्कम अपुरी वाटली. तेव्हां मचाणाची उंची २५ फुटांनीं वाढवून १३ नोव्हेंबरला पुन्हां उडी जाहीर झाली. त्या १२५ फुटांच्या उडीनंतर पॅच वर आला नाहीं. वसंत ऋतूंत बर्फ वितळूं लागल्यावर त्याचें प्रेत सांपडलें.

पॅचच्या या दोन महिन्यांत पुढच्या शंभर वर्षांचा हिशेब लिहिलेला आहे. या बाजारांत धोका हाच माल; आणि एकदां पाहिलेल्या धोक्याला दुसऱ्या दिवशीं गिऱ्हाईक मिळत नाहीं. म्हणून मचाण उंच करावें लागतें. पॅच भित्रा नव्हता, मूर्खहि नसावा. पहिल्या उडीची किंमत उतरली म्हणून त्यानें दुसरी घेतली, एवढेंच.

हा हिशेब ज्याला पुरता उमगला आणि तरीहि जो जिवंत राहिला असा पुरुष म्हणजे ब्लाँडिन. त्याचें मूळ नांव झां फ्रांस्वा ग्राव्हले. जन्म १८२४ चा, फ्रान्समधला. आपल्याकडे डोंबाऱ्याचें पोर जसें चालावयास शिकतें न शिकतें तोंच दोरावर चढतें, तसाच हा पांचव्या वर्षापासून या विद्येंत वाढला होता. त्याच्या आधींच, १८५५ सालीं, घळीवर आगगाडीचा झुलता पूल झाला होता आणि दूरदूरच्या शहरांतून माणसें भरून आणणें सोपें झालें होतें. ३० जून १८५९ रोजीं सुमारें ११०० फूट लांबीचा दोर घळीवर ताणला गेला. खालीं पाणी १६० फुटांवर. हातांत तोलाची लांब काठी घेऊन ब्लाँडिन अमेरिकेच्या तीरावरून निघाला आणि कॅनडाच्या तीरावर उतरला.

त्याच दिवशीं परत येतांना घडलेली एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. ब्लाँडिननें पाठीवर छायाचित्र घेण्याची पेटी बांधून घेतली होती. कांहीं अंतर चालून गेल्यावर त्यानें काठी दोराला अडकविली, पेटी सोडून पुढें मांडली आणि समोरच्या कांठावर दाटीनें उभ्या असलेल्या लोकांचें चित्र घेतलें, असें तत्कालीन वर्णनांत आहे. छायाचित्रणाची कला त्या वेळीं अवघी वीस वर्षांची होती. जीव टांगणीला लावून काढलेल्या छायाचित्राचें याहून जुनें उदाहरण सहसा आढळत नाहीं. मात्र त्या पेटीचें तोंड ब्लाँडिनकडे नव्हतें. तें गर्दीकडे होतें. आपलें पोट कोणाच्या डोळ्यांवर चाललें आहे हें त्या कसबी माणसाला नीट माहीत होतें.

त्या डोळ्यांना रोज नवें कांहीं हवें होतें. पुढच्या आठवड्यांत ब्लाँडिन अंगावर पोतें चढवून दोर ओलांडता झाला. मग उलटा चालत गेला. मग एकचाकी ढकलगाडी घेऊन आला. एकदां दोराच्या मध्यावर बसून त्यानें चुलीवर ऑम्लेट केलें. १७ ऑगस्टला तर त्यानें आपला व्यवस्थापक हॅरी कॉलकॉर्ड यालाच पाठीवर घेतलें. ब्लाँडिनला दम घेतां यावा म्हणून कॉलकॉर्डला वाटेंत कित्येकदां खालीं उतरून त्या दोरावर स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागलें. प्रयोग जाहीर करणारा व्यवस्थापक स्वतः त्या धोक्यांत सांपडल्याचें नायगाराच्या सगळ्या इतिहासांत हें बहुधा एकमेव उदाहरण असावें. पुढच्या वर्षीं फारिनी नांवाचा प्रतिस्पर्धी उभा राहिला आणि त्यानें कपडे धुण्याचें यंत्र पाठीवर नेऊन दोरावर रुमाल धुतले. १८६० च्या सप्टेंबरांत इंग्लंडचा युवराज, जो पुढें सातवा एडवर्ड म्हणून हिंदुस्थानचाहि बादशहा झाला, त्याच्यासमोर ब्लाँडिन पायांना लांकडी उंच पाय बांधून चालला. तो १८९७ सालीं लंडनमध्यें बिछान्यांत मरण पावला. मात्र तो आयुष्यभराचा कसबी होता. त्याला पाहून धाडसाला प्रवृत्त झालेल्यांपाशीं हें कसब असेलच असें नव्हतें.

कसबहि सर्वांना तारतें असें नाहीं. कॅप्टन मॅथ्यू वेब यानें १८७५ सालीं इंग्लिश खाडी पोहून ओलांडली. तोंवर कोणाला तें साधलें नव्हतें. ती कीर्ति निर्भेळ होती, परंतु तिच्यावर संसार चालेना. मग टाकींत तासन् तास तरंगून दाखविण्याचे खेळ करणें त्याच्या नशिबीं आलें. शेवटीं २४ जुलै १८८३ रोजीं तो नायगाराच्या भोंवऱ्यावरील ओघांत उतरला. त्याचें प्रेत चार दिवसांनीं मिळालें. वय पस्तीस.

दोनच वर्षांनीं न्यूयॉर्क संस्थानानें धबधब्यालगतची जमीन खरेदी करून ती सर्वांस विनामूल्य खुली केली. तिकिटवाले, फेरीवाले, कुंपणें हटलीं. व्यापार मात्र हटला नाहीं. तो जरा मागें सरकून उभा राहिला.

अ‍ॅनी एड्सन टेलर या बाईची हकीकत यानंतरची. ती विधवा होती, शिक्षिकेचा पेशा करीत असे, मिशिगन संस्थानांतील बे सिटी येथें नृत्य शिकवीत असे. वय वाढत चाललें, पैसा आटत चालला, आणि म्हातारपणीं अनाथगृहांत जावें लागेल ही भीति तिच्या मनांत घर करून बसली. १९०१ सालीं नायगारापासून जवळच असलेल्या बफेलो शहरांत मोठें प्रदर्शन भरलें होतें आणि प्रवाशांचे लोंढे येत होते. पिंपांत बसून धबधब्यावरून खालीं जाण्याची कल्पना बाईनें त्या गर्दीकडे पाहून बसविली. आजवर भोंवऱ्याच्या ओघांतून पिंपांत बसून गेलेले लोक होते, पण प्रत्यक्ष कड्यावरून कोणी गेलें नव्हतें. तिनें स्वतः आंखणी करून ओक लांकडाचें व लोखंडी पट्ट्यांचें पिंप करविलें, आंत गादी बसविली, तें सरळ तरंगावें म्हणून तळाशीं वजन घातलें. आधीं एका मांजराला त्यांतून पाठवून पाहिलें, मांजर जगलें. २४ ऑक्टोबर हा तिचा जन्मदिवस. त्या दिवशीं तिला त्रेसष्ट वर्षें पुरीं झालीं, जरी जगाला ती आपलें वय वीस वर्षांनीं कमी सांगत होती. पिंपाचें झांकण बसल्यावर सायकलच्या पंपानें आंत हवा भरली आणि नावाड्यांनीं तिला ओघांत सोडलें. कड्याखालीं पिंप बाहेर ओढून उघडलें तेव्हां बाई जिवंत होती. डोक्याला एक जखम तेवढी झालेली. आपण केलें तें पुन्हां कोणीं करूं नये, असेंच तिनें लगेच सांगितलें.

पुढें जें झालें तें पडण्यापेक्षां वाईट होतें. व्याख्यानांना माणसें येईनात. लोकांना कड्यावरून पडणारें पिंप पाहावयाचें होतें. त्यांतून निघालेली पांढऱ्या केसांची शिक्षिका पाहावयाची नव्हती. तिचा व्यवस्थापक तें पिंप घेऊन पसार झाला, आणि तें शोधण्यासाठीं गुप्त पोलिसांवर तिची उरलीसुरली पुंजी खर्च झाली. मग वर्षानुवर्षें ती नायगाराच्या रस्त्यावर लहानसें दुकान मांडून आपलीं चित्रें विकीत बसे आणि प्रवाशांबरोबर छायाचित्रासाठीं उभी राही. १९२१ सालीं ती ब्याऐंशी वर्षांची होऊन वारली, ती जिल्ह्याच्या अनाथगृहांतच. नायगारा गांवच्या ओकवुड दफनभूमींत तिची कबर आहे. कॅप्टन वेबचीहि तेथेंच आहे.

तिच्या उपदेशाचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९११ सालीं बॉबी लीच हा पोलादी पिंपांतून गेला, गुडघ्यांच्या वाट्या व जबडा मोडून घेऊन वांचला, आणि पंधरा वर्षांनीं न्यूझीलंडमध्यें संत्र्याच्या सालीवरून घसरल्याचें निमित्त होऊन मेला. १९२० सालीं चार्ल्स स्टीव्हन्स या इंग्रज न्हाव्यानें पिंप सरळ राहावें म्हणून पायांना लोहाराची ऐरण बांधली. पाण्यावर आदळतांच ऐरण तळ फोडून त्याला घेऊन गेली. पिंपांत पट्ट्याला अडकलेला एक हात तेवढा राहिला. १९३० सालीं जॉर्ज स्टाथाकिस याचें पिंप अभंग राहिलें, पण तें धबधब्याच्या पडद्यामागें कित्येक तास अडकलें आणि आंतली हवा संपून तो गुदमरला. त्यानें बरोबर नेलेलें कांसव मात्र जगलें.

या सर्व काळांत खालीं कांठावर थांबून माणसें व प्रेतें बाहेर काढणारा एक मनुष्य होता, विल्यम हिल. त्याच्या केसांच्या रंगावरून लोक त्याला रेड हिल म्हणत. नदीचा ओघ न् ओघ त्याला पाठ होता, आणि कित्येक बुडणाऱ्यांचे प्राण त्यानें वांचविले. पिंपांतून ओघ पार करण्याचा मोह त्यालाहि आवरला नव्हता. पण कड्यावरून तो कधीं गेला नाहीं. गेला तो त्याचा मुलगा. ५ ऑगस्ट १९५१ रोजीं धाकटा हिल मोटारीच्या चाकांच्या रबरी नळ्या एकत्र बांधून केलेल्या पिंपांतून निघाला. हजारों लोक जमले होते, आणि त्याची आईहि कांठावर होती. नळ्या सुटून एकेक वर आल्या. तो आला नाहीं. त्यानंतर ऑंटेरिओ सरकारनें असल्या प्रयोगांवर कडक बंदी घातली.

ही बंदी खास परवानगीनें उठली ती २०१२ च्या जूनमध्यें. निक वॉलेंडा हा दोरावरचा कलावंत थेट धबधब्यावरून पोलादी तारेवर चालत गेला. खर्चाचा भार उचलणाऱ्या दूरचित्रवाणी कंपनीनें कमरेला सुरक्षेची दोरी बांधण्याची अट घातली होती. ती त्याला आवडली नव्हती. कॅनडाच्या तीरावर उतरतांच अधिकाऱ्यांनीं त्याचा पासपोर्ट पाहिला.

वॉलेंडापाशीं परवानगी होती, अभियंते होते, कमरेला दोरी होती. त्याच सुमारास ज्यांच्या हातांत कॅमेऱ्याचा मोबाइल आला त्यांना यांतलें कांहींच लागत नव्हतें. हॉटेलवाला नको, व्यवस्थापक नको, गर्दीहि समोर नको; ती समाजमाध्यमांतून घरबसल्या पाहते आणि पसंती कळविते. ब्लाँडिननें गर्दीकडे केलेली पेटी आतां फिरून धरणाराच्या स्वतःच्या तोंडाकडे आली, आणि तोंड कॅमेऱ्याकडे करावयाचें म्हणजे पाठ दरीकडे किंवा लाटेकडे करणें आलें. दोरावरचा माणूस निदान पुढें पाहत असे. भारतीय वैद्यकांच्या एका गटानें २०१८ सालीं बातम्यांच्या आधारें केलेल्या मोजणींत, ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळांत जगभरांत सेल्फी काढतांना २५९ माणसें मेल्याचें आढळलें. त्यांत सर्वांत अधिक भारतांतलीं होतीं, आणि मृत्यूच्या कारणांत पाण्यांत बुडणें हें पहिलें होतें. पिंप बांधून, मांजर पाठवून पाहून निघालेल्या टेलरबाईंना जेवढा विचार करावासा वाटला, तेवढाहि यांतल्या बहुतेकांस करावासा वाटला नसेल. कारण आपण साहस करीत आहों हेंच त्यांच्या ध्यानीं नसावें.

२०१६ च्या जानेवारींत मुंबईंत वांद्र्याच्या किनाऱ्यावर खडकांत सेल्फी काढीत असतांना एक तरुणी लाटेनें ओढली गेली. तिला काढण्यासाठीं पाण्यांत उडी घेतलेला मनुष्यहि बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनीं शहरांतील धोक्याचीं ठिकाणें निवडून तेथें सेल्फी काढण्यास मनाई केली.