चौकट कराराचे मूळगाव

कामगार चळवळीच्या इतिहासात ‘आंतरराष्ट्रीय चौकट करार’ या साधनाची जन्मतारीख १९८८ अशी रूढ झाली आहे. अनेक देशांत पसरलेली एखादी कंपनी आणि त्या उद्योगातील कामगार संघटनांचा जागतिक महासंघ यांच्यात हा करार होतो, आणि आपले कामगार कोणत्याही देशातले असोत, त्यांचा संघटना बांधण्याचा व सामूहिक सौदा करण्याचा हक्क पाळला जाईल, अशी हमी कंपनी त्यात देते. असा पहिला मजकूर १९८८ साली बीएसएन या फ्रेंच अन्नपदार्थ कंपनीने, म्हणजे पुढच्या दानोनने, अन्न व शेती क्षेत्रातील कामगार संघटनांच्या जिनीव्हास्थित महासंघाबरोबर, म्हणजे आययूएफबरोबर, मान्य केला असे सांगितले जाते, आणि त्याचे श्रेय बहुधा कंपनीचे प्रमुख आंत्वान रिबू यांच्या पुरोगामी विचारांना दिले जाते. ही वंशावळ कागदापुरती बरोबर असली तरी मूळपुरुषाविषयी चुकते. या कराराचे मूळगाव फ्रान्समध्ये नसून ग्वाटेमाला शहरातील कोका-कोला भरण्याच्या एका कारखान्यात आहे, आणि त्याची जन्मतारीख आठ वर्षे मागे न्यायला हवी.

येथे ‘मान्यता’ या संज्ञेचा अर्थ आधी ध्यानात घ्यावा लागतो. संघटनेची नोंदणी शासन करते, तर तिला मान्यता देणे म्हणजे तिच्याशी बोलणी करण्याचे बंधन मालकाने पत्करणे होय. भारतातही १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीची सोय केली, पण मान्यतेची सक्ती केली नाही. महाराष्ट्राने मान्यतेसाठी १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ग्वाटेमालातील सगळा झगडा या दुसऱ्या पायरीसाठी होता.

तेथे १९५४ च्या सत्तापालटानंतर कामगार संघटना मोडून काढण्यात आल्या होत्या. कोका-कोलाच्या कारखान्यातील कामगारांनी १९७५ च्या सुमारास पुन्हा संघटना उभारायला घेतली, तेव्हा १९७६ च्या मार्चमध्ये दीडशेहून अधिक जणांना एकदम कामावरून काढण्यात आले. त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी एकत्र आलेल्या इतर संघटनांतून देशातील कामगार ऐक्याची राष्ट्रीय समिती जन्मली. १९७८ मध्ये संघटनेला कायदेशीर दर्जा मिळाला, परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे नेते पेद्रो केवेदो यांचा गोळ्या घालून खून झाला. १९७९ मध्ये मान्वेल लोपेस बालाम आणि १९८० मध्ये मार्लोन मेंदिसाबाल मारले गेले. १९८० च्या जूनमध्ये एका कामगार केंद्राच्या कार्यालयातून २७ जण पळवले गेले, त्यांत कोका-कोलाचेही कामगार होते, आणि त्यांपैकी कोणी परतले नाही. ही नावे चौकट कराराच्या इतिहासात क्वचितच येतात, आणि ती न येणे हा त्या इतिहासातील मोठा दोष आहे.

अटलांटातील मूळ कंपनीची भूमिका अशी होती की, कारखाना तिच्या मालकीचा नाही. तिने केवळ परवाना दिलेला आहे. अर्क ती पुरवते, बाटल्या भरण्याचा धंदा ह्यूस्टनमधून सूत्रे हलवणाऱ्या स्वतंत्र मालकाचा आहे, आणि त्याच्या कामगारांशी तिचा संबंध नाही. कायद्याच्या भाषेत हे बिनतोड होते. तथापि, ज्या रचनेने कंपनीला हात झटकता आले, त्याच रचनेने कामगारांच्या हाती एक दोरी दिली, आणि संपूर्ण कुळकथेचा सांधा येथेच आहे. पाण्याने जड झालेले पेय दूरवर वाहून नेणे परवडत नसल्याने ते जवळजवळ प्रत्येक देशात स्थानिक कारखान्यातच भरावे लागते. म्हणून एकच नाव धारण करणारी शेकडो यंत्रे शेकडो वेगवेगळ्या संघटनांच्या हातांखाली चालत होती. एका देशातला कारखाना बंद करून माल दुसरीकडून आणण्याची मालकांची नेहमीची युक्ती येथे लागू पडत नव्हती. आययूएफचे सरचिटणीस डॅन गॅलिन यांनी ही गोष्ट अचूक हेरली. स्वीडन, फिनलंड, न्यूझीलंड अशा एकमेकांपासून दूरच्या देशांतील संघटनांनी १९८० मध्ये, कोठे उत्पादन थांबवून तर कोठे विक्रीवर बहिष्कार घालून, दबाव आणला. भारतीय कामगारांना यात उत्पादन रोखण्याची संधीच नव्हती, कारण ती कंपनी १९७७ मध्ये भारतातून निघून गेली होती.

त्या वर्षाच्या अखेरीस कोका-कोला कंपनी आययूएफशी थेट बोलणीला बसली. तिने कारखाना नव्या मालकांकडे जाईल अशी व्यवस्था केली, काही वर्षांसाठी व्यवस्थापनावरील नियंत्रण स्वतःकडे घेतले, आणि मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी निधी मान्य केला. संघटनेला मान्यता मिळाली आणि सामूहिक करार झाला. जो कारखाना आपला नाही असे कंपनी सांगत होती, त्याच्या कामगारांच्या हक्कांची जबाबदारी तिने एका जागतिक महासंघासमोर स्वीकारली. चौकट कराराचा गाभा याहून वेगळा नाही.

या मताला प्रतिस्पर्धी आहेत. पहिला दावा अमेरिकेतील मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर यांच्या प्रेरणेने १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मोटार कंपन्यांच्या जागतिक कामगार परिषदांचा, आणि त्याच काळात रसायन कामगारांच्या महासंघाचे चार्ल्स लेव्हिन्सन यांनी मांडलेल्या बहुराष्ट्रीय सौद्याच्या कल्पनेचा. त्यांनी विचार दिला हे निर्विवाद आहे, पण मालकाची सही त्यांच्या कागदावर आली नाही. दुसरा दावा वाहतूक कामगारांच्या महासंघाचा आहे: सोयीच्या ध्वजाखाली, म्हणजे करसवलत व ढिले कायदे यांसाठी परक्या देशात नोंदवलेल्या जहाजांवर, त्याने १९५८ च्या डिसेंबरात अनेक देशांच्या बंदरांत चार दिवस बहिष्कार घातला होता. मात्र तेथील करार जहाजागणिक होत; कंपनीचे जगभरचे वर्तन हा त्यांचा विषय नव्हता. तिसरा दावा सर्वांत बळकट आहे. न्यूयॉर्कच्या स्त्री-वस्त्र कामगार संघटनेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कपडे शिवून घेणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यांच्या कंत्राटदारांच्या कामगारांसाठी जबाबदार धरणारे करार केले होते, आणि राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळल्यानंतर २०१३ मध्ये झालेल्या बांगलादेश सुरक्षा कराराचे पूर्वज अभ्यासक त्यांच्यातच पाहतात. ‘दुसऱ्याच्या कारखान्याची जबाबदारी’ या तत्त्वाचे जनकत्व न्यूयॉर्कला द्यावेच लागेल. परंतु ते तत्त्व देशाच्या सीमा ओलांडून जागतिक महासंघाच्या हाती आले ते ग्वाटेमालात.

१९८० आणि १९८८ यांमधील दुवा कागदांपेक्षा माणसांत शोधावा लागतो. दोन्ही वेळा टेबलाच्या एका बाजूला तोच महासंघ आणि तेच गॅलिन होते. शिवाय दानोनच्या १९८८ च्या मजकुराचे नाव ‘समान दृष्टिकोन’ असे सौम्य होते, आणि संघटना-हक्कांवरील स्वतंत्र संयुक्त जाहीरनामा १९९४ मध्ये आला. ग्वाटेमालात जे पहिल्या दिवशी मागितले गेले, ते फ्रान्समध्ये सहा वर्षांनी पूर्ण रूपात लिहिले गेले. रिबू यांच्या सद्भावाने दार उघडले असेल, पण आत काय मागायचे हे महासंघ आधीच शिकून आला होता, असाच निष्कर्ष निघतो.

१९८० चा करार कच्चा होता, हा आक्षेप मात्र खरा आहे. १९८४ च्या फेब्रुवारीत नव्या मालकांनी दिवाळखोरी पुढे करून कारखाना बंद केला, तेव्हा कामगारांनी तो वर्षभराहून अधिक काळ ताब्यात ठेवला. त्या वर्षीच्या मेमध्ये कोस्टारिकातील सान होसे येथे कंपनी, संघटना आणि आययूएफ यांच्यात पुन्हा समझोता झाला, आणि १९८५ च्या मार्चमध्ये कारखाना तिसऱ्या मालकाकडे, काही कामगार गमावून पण संघटना राखून, सुरू झाला. करार कच्चा असला तरी त्याची वाट पुढे चालू राहिली: २००१ मध्ये चिकिता या केळी कंपनीने, म्हणजे ग्वाटेमालातील १९५४ च्या सत्तापालटाशी जिचे नाव जोडले जाते त्या युनायटेड फ्रूटच्या वारसदाराने, लॅटिन अमेरिकेतील केळी कामगारांच्या संघटनांशी आणि याच आययूएफशी चौकट करार केला.