फिकट रेघ आणि पिवळा सेल: स्प्रेडशीटच्या जाळीचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/ स्प्रेडशीटमधील एखाद्या सेलला पिवळा रंग दिला, की त्याच्या कडेच्या फिकट करड्या रेघा नाहीशा होतात. एक्सेलमध्ये पांढरा रंग भरला, तरी तेच घडते. अनेकांना हा सॉफ्टवेअरचा दोष वाटतो. वास्तविक ते एका जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे: हिशेबाच्या कागदावरील रेघ ही हिशेबाचा भाग असते, की केवळ डोळ्यांची सोय?

२/ १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन गणितज्ञाचा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. त्यात द्विनोंदी हिशेबपद्धतीचे विवेचन होते. ही पद्धत पाचोलीने शोधली नव्हती. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत ती आधीपासूनच रूढ होती. तिचे मर्म जागेत आहे. तीच रक्कम खात्याच्या एका बाजूस लिहिली तर येणे, दुसऱ्या बाजूस लिहिली तर देणे. आकड्याचा अर्थ तो कोणत्या रकान्यात आहे यावरून ठरतो.

३/ भारतातील पारंपरिक वहीखात्याने हे रकाने शाईविना साधले. लाल कापडी बांधणीच्या वहीचे पान उभ्या घड्या घालून मोडले जाई आणि त्या घड्यांचे सळ हेच रकाने ठरत. रोजमेळात डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सळ नजरेला वळण लावी, पण लिखाणात मिसळत नसे. जाळी आणि मजकूर यांतील हा भेद पुढे संगणकाला नव्याने शिकावा लागला.

४/ एकोणिसाव्या शतकात रेघा आखणारी यंत्रे आली आणि रंगीत रेघांच्या छापील हिशेबवह्या कचेऱ्यांत स्थिरावल्या. इंग्रजी हिशेबनिसांच्या भाषेत ‘स्प्रेडशीट’ म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला रुंद तक्ता. तेथे रेघ आधी येई, आकडा नंतर. कारकुनाला रेघ आखावी लागत नव्हती. ती कागदाबरोबरच विकत येत होती.

५/ १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन याला एक गोष्ट खटकली. फळ्यावरील तक्त्यात एक आकडा बदलला, की प्राध्यापकांना त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने का करू नये? या विचारातून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क घडवले. १९७९ मध्ये ते ॲपल २ या संगणकासाठी बाजारात आले.

६/ व्हिजिकॅल्कच्या पडद्यावर जाळी नव्हती. वर रकान्यांची अक्षरे, डावीकडे ओळींचे क्रमांक आणि मधे मोकळ्या काळ्या पार्श्वभूमीवर आकडे. कारण साधे होते. ॲपल २ च्या पडद्यावर एका ओळीत फक्त ४० अक्षरे मावत. नेहमीच्या रुंदीचे जेमतेम ४ रकाने एका वेळी दिसत. प्रत्येक रकान्याशेजारी उभी रेघ काढायची, तर एका आकड्याची जागा जाणार. तक्ता ६३ रकाने आणि २५४ ओळींचा होता. पण त्याच्याकडे पाहण्याची खिडकी चिमुकली होती.

७/ तरीही बेरजेच्या वर रेघ हवीच, ही हिशेबनिसांची सवय सुटेना. त्यासाठी एक युक्ती होती. एकच चिन्ह सेलभर पुन्हा पुन्हा उमटवणारी आज्ञा देऊन सेल आडव्या तुटक रेघांनी भरायचा. १९८३ च्या जानेवारीत आयबीएम पीसीसाठी आलेल्या लोटस १-२-३ मध्येही हीच सोय होती. म्हणजे आता रेघ कागदाची राहिली नाही. ती सेलमधला मजकूर झाली.

८/ याचे परिणाम मजेदार होते आणि धोक्याचेही. बेरीज करताना लोटस अशा मजकुराची किंमत शून्य धरी. म्हणून जाणकार लोक बेरजेच्या सूत्रात तुटक रेघेची ओळही मुद्दाम समाविष्ट करत. मग रेघेच्या वर नवी ओळ घातली, तरी ती बेरजेतून सुटत नसे. सरासरीत मात्र हीच रेघ घात करी. ती एक नोंद म्हणून मोजली जाई आणि सरासरी गुपचूप खाली येई. शोभेची रेघ हिशेबात शिरली होती.

९/ उपाय निघाला तो अक्षरांऐवजी ठिपक्यांनी चित्र रेखाटणाऱ्या पडद्यामुळे. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ × ३४२ ठिपक्यांचा, कृष्णधवल होता. येथे रेघेला अख्ख्या अक्षराची जागा द्यावी लागत नव्हती. एका ठिपक्याची जाडी पुरे होती. सप्टेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्सेल प्रथम आले ते याच मॅकिंटॉशवर. विंडोजवर ते १९८७ मध्ये पोहोचले. आता आकड्यांमागे जाळी दिसू लागली आणि ती कोणत्याही सेलचा मजकूर नव्हती. वहीतला सळ पडद्यावर परतला होता.

१०/ रंगाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. आयबीएमचा १९५९ चा १४०३ हा छपाईयंत्र एका ओळीत १३२ अक्षरे छापी. इतक्या रुंद कागदावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना नजर ओळ चुकते. म्हणून अशा यंत्रांसाठी आळीपाळीने हिरवे आणि पांढरे पट्टे छापलेला अखंड कागद वापरात होता. तो रंग काहीही सांगत नव्हता. त्याचे काम नजरेचा हात धरण्याचे होते.

११/ स्प्रेडशीटमध्ये मात्र रंग बोलू लागला. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत ५६ रंगांची पेटी होती. एक्सेल ९७ मध्ये अटीनुसार रंग बदलण्याची सोय आली. एका सेलला तीनपर्यंत अटी लावता येत. २००७ च्या आवृत्तीत रंगांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आणि रंगानुसार चाळणी लावण्याचीही सोय झाली. पिवळा म्हणजे ‘तपासायचे’, लाल म्हणजे ‘थकबाकी’, हिरवा म्हणजे ‘झाले’, असे अलिखित संकेत कचेऱ्याकचेऱ्यांत रुजले.

१२/ आता सुरुवातीच्या कोड्याकडे. एक्सेलच्या रचनेत तीन गोष्टी वेगळ्या आहेत. ग्रिडलाइन ही पडद्याची सोय आहे. मुद्दाम सांगितल्याखेरीज ती कागदावर छापली जात नाही. पार्श्वरंग हा सेलचा स्वतःचा गुण आहे. बॉर्डर हीदेखील सेलला मुद्दाम दिलेली रेघ आहे. सेलला रंग मिळाला, की एक्सेल तेथील सोय मागे घेते. बॉर्डर मात्र टिकते. लिब्रेऑफिसने निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला आहे. त्याच्या कॅल्कमध्ये रेघा दाखवणे, रंगीत सेलवरही दाखवणे आणि लपवणे असे तीन पर्याय आहेत.

१३/ हा भेद केवळ दिसण्यापुरता नाही. तक्ता सीएसव्ही स्वरूपात साठवला, की आकडे आणि शब्द उरतात. रंग आणि बॉर्डर दोन्ही गळून पडतात. ‘पिवळा म्हणजे संशयास्पद नोंद’ हे ज्ञान त्याच क्षणी नष्ट होते. बेरजेच्या साध्या सूत्राला पिवळा आणि पांढरा सेल सारखाच. २०१८ साली कार्ल ब्रोमन आणि कारा वू यांनी संशोधकांसाठी लिहिलेल्या लेखात स्पष्ट सल्ला दिला: रंगाचा वापर माहिती म्हणून करू नये, त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा. लाल-हिरव्यातील फरक न कळणाऱ्या वाचकालाही तो रकाना वाचता येतो.

१४/ दिसणे आणि असणे यांतील अंतर किती महाग पडते, याचा दाखला २००८ मधील आहे. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि बार्कलेजने तिच्या व्यवसायाचा काही भाग घेण्याचे ठरवले. कोणते करार घ्यायचे याची यादी एक्सेलमध्ये होती, सुमारे १००० ओळींची. नको असलेले १७९ करार ओळींसह काढून टाकलेले नव्हते. त्या ओळी केवळ लपवलेल्या होत्या.

१५/ न्यायालयात देण्यासाठी वकिलांच्या कचेरीत रात्री घाईने त्या तक्त्याची मांडणी बदलून पीडीएफ करण्यात आली. त्यात लपलेल्या ओळी उघड झाल्या आणि नको असलेले करार हव्या असलेल्या करारांत जाऊन बसले. चूक ध्यानात आल्यावर ते वगळावेत म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. नजरेने ‘नाही’ म्हटले होते; तक्त्यात मात्र ते लिहिलेले नव्हते.

१६/ वहीखाते लिहिणाऱ्या कारकुनाला सळ आणि शाई यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. घडी बोटांना कळे, शाई डोळ्यांना. पडद्यावर दोन्ही सारख्याच ठिपक्यांनी बनतात, म्हणून गफलत होते. रंग भरताच पुसली जाणारी फिकट रेघ तोच जुना फरक दाखवून जाते: ती पानाची घडी आहे, नोंद नव्हे. टिकायला हवे ते आजही अक्षरांत आणि आकड्यांतच लिहावे लागते.

#हिशेबाचा_इतिहास #मराठी