ताठ बसणाऱ्यांसाठी सायकलची सीट

प्रकृतीसाठी सायकल चालवावी, या हेतूने पन्नाशीच्या उंबरठ्यावर अनेक जण नवी सायकल घेतात. पहिले चार दिवस उत्साहात जातात. त्यानंतर बैठक दुखू लागते, जांघेत मुंग्या येतात आणि महिन्याभरात सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. 'आता वय झाले' अशी समजूत करून घेतली जाते. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी खरा दोष सीटच्या निवडीत असतो आणि तो दूर करणे फारसे खर्चाचे नसते.

भार कुठे पडतो?

शर्यतीच्या सायकलवर चालक पुढे वाकलेला असतो. त्यामुळे त्याच्या शरीराचा भार हात, पाय आणि सीट या तिघांत विभागला जातो. उंच हँडलच्या साध्या सायकलवर पाठ ताठ राहते. मान व मनगटे यांना त्यामुळे आराम मिळतो, रहदारीही नीट दिसते. मात्र शरीराचा बहुतांश भार सीटवर येतो.

हा भार पेलण्यासाठी निसर्गाने माणसाला नितंबांखाली दोन कठीण हाडे दिली आहेत. कठीण बाकावर बसले असता जी टोचतात, तीच ही बैठकीची हाडे; वैद्यकीय परिभाषेत आसनास्थी. पुढे वाकले की या हाडांचा पुढचा, एकमेकांजवळ येत जाणारा भाग सीटला टेकतो. ताठ बसले की मागचा, अधिक रुंद अंतराचा भाग टेकतो. म्हणूनच शर्यतीची अरुंद सीट ताठ बसणाऱ्याच्या उपयोगाची नाही. तिच्यावर हाडे कडेबाहेर पडतात आणि भार दोन हाडांमधील नाजूक भागावर येतो. तेथून महत्त्वाच्या नसा व रक्तवाहिन्या जातात.

रुंदी कशी मोजावी?

बैठकीच्या हाडांमधील अंतर घरीच मोजता येते. कठीण स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा. त्यावर ताठ बसून पाय किंचित उंच, एखाद्या पाटावर ठेवावेत. मिनिटभराने उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे. ते साधारणपणे १० ते १४ सेंटिमीटर भरते. स्त्रियांमध्ये ते सरासरीने थोडे अधिक असते; तथापि व्यक्तीव्यक्तीत इतका फरक असतो की अंदाजापेक्षा मोजमापच विश्वासार्ह.

ताठ बसणाऱ्याने या अंतरात किमान ५ सेंटिमीटर मिळवावेत. सीटच्या कडा गोलाकार उतरत्या असतात आणि त्या भार पेलत नाहीत, म्हणून ही वाढ आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, अंतर १२ सेंटिमीटर असल्यास सीटची मागची रुंदी १७ सेंटिमीटर किंवा थोडी अधिक हवी. मात्र अवास्तव रुंद सीटही त्रासदायक ठरते. पॅडल मारताना ती मांड्यांना घासते आणि बसणारा नकळत पुढे सरकत राहतो.

मऊ म्हणजे आरामदायक?

दुकानात अंगठ्याने दाबून सर्वांत मऊ सीट निवडण्याचा मोह होतो. फार जाड फोम वा जेल पहिल्या दहा मिनिटांत सुखद वाटते. परंतु हाडे त्यात खोल रुतली की मधला फोम वर उचलला जातो आणि नेमक्या नाजूक भागाला दाबतो. लांबच्या फेरीत बेताची मऊ, पण खालून घट्ट आधार देणारी सीट अधिक सुखावह ठरते. मऊ सीटवर आणखी जेलचे आवरण चढवल्याने हाच दोष वाढतो.

जुन्या काळ्या सायकलींवरील चामड्याच्या सीटमागे हेच तत्त्व होते. पुढच्या व मागच्या लोखंडी आधारांमध्ये चामडे झोळीसारखे ताणलेले असे आणि वापराने ते बसणाऱ्याच्या शरीराचा आकार घेई. इंग्लंडमधील ब्रूक्स ही १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेली कंपनी अशा सीटसाठी प्रसिद्ध आहे. चामड्याची सीट प्रारंभी कडक लागते आणि ओली झाल्यावर तिच्यावर बसल्यास ती कायमची लोंबते. आपल्याकडील पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवण्याची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची आहे.

सीटखालच्या स्प्रिंगा ताठ बसणाऱ्याला विशेष उपयोगी पडतात. खड्ड्याचा धक्का या बैठकीत सरळ कण्यापर्यंत जातो. स्प्रिंगा त्याची तीव्रता कमी करतात. तरीही मोठा खड्डा दिसताच पॅडलवर किंचित उठावे. साडी किंवा घेरदार वस्त्र नेसून सायकल चालवणाऱ्यांना आखूड टोकाची सीट चढउतारास सोयीची जाते.

उंची आणि कल

योग्य सीटही चुकीची बसवल्यास त्रास देते. जमिनीवर दोन्ही पाय सपाट टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवली जाते. त्यामुळे गुडघे दुखतात आणि पायांवर जायचा भारही सीटवरच येतो. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवल्यास पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्याला आपोआप योग्य बाक येतो. ज्यांचा तोल अद्याप सावरलेला नाही, त्यांनी सीट टप्प्याटप्प्याने वर न्यावी. सीटच्या नळीवरील कमाल उंचीची खूण मात्र ओलांडू नये.

सीट प्रथम गवंड्याच्या पाणसळीने पाहून समतल ठेवावी. टोक वर असेल तर पुढे दाब येतो. फार खाली असेल तर शरीर घसरते आणि मनगटांवर भार येतो. बदल एका वेळी एकच आणि थोडाच करावा व दोन-तीन दिवस चालवून पाहावे.

दुखणे आणि बधिरपणा

नवशिक्याच्या बैठकीची हाडे पहिले एक-दोन आठवडे दुखणे स्वाभाविक आहे. रोज थोडे अंतर चालवल्यास ते कमी होते. जाड शिवणीची जीन्स टाळल्यानेही फरक पडतो. बधिरपणा मात्र सवयीने सोसायची गोष्ट नव्हे. ती दाबलेल्या नसांची सूचना होय.

अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना पुढचे टोक नसलेल्या सीट सहा महिने देऊन एक पाहणी करण्यात आली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सायकल चालवताना बधिरपणा न जाणवलेल्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. अशा सीटवर तोल सावरण्यास मांड्यांचा आधार मिळत नाही, त्यामुळे सराव लागतो. मधोमध खाच असलेली सीट हा त्याहून सौम्य पर्याय असला, तरी तो प्रत्येकाला मानवतोच असे नाही. काहींना खाचेच्या कडाच टोचतात.

मुंग्या येऊ लागल्यास थांबावे, उतरून चार पावले चालावे आणि रुंदी, उंची व कल पुन्हा तपासावा. तरीही त्रास टिकल्यास, किंवा प्रोस्टेटचा विकार अथवा त्या भागावरील शस्त्रक्रिया झालेली असल्यास, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खरेदी करताना दुकानात क्षणभर बसून निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास किमान अर्धा तास चालवून पाहावे आणि न मानवल्यास बदलून मिळेल का, हे आधीच विचारावे. जिच्यावर बसल्याचा थोड्याच वेळात विसर पडतो, ती सीट आपली समजावी.