कॅथलिक धर्मसंघ सोडणाऱ्यांचा निर्वाह

कॅथलिक धर्मसंघातून बाहेर पडणाऱ्या वा काढून टाकलेल्या व्रतस्थांना मिळावयाच्या साहाय्याची तरतूद चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कलम ७०२ मध्ये आहे. संघात केलेल्या कोणत्याही कामाचा मोबदला अशा व्यक्तीस मागता येत नाही, असे या कलमाचा पहिला भाग सांगतो. संघाने तिच्याशी न्यायबुद्धीने व ख्रिस्ती प्रेमभावनेने वागावे, असे दुसरा भाग बजावतो. रक्कम व मुदत मात्र कलमात नाही. प्रत्यक्षात सारे संघाच्या औदार्यावर राहते.

कलम ६६८ नुसार व्रतस्थाने श्रमातून मिळवलेले सर्व काही संघाचे होते. संघाचा स्वतःचा नियम वेगळा नसेल तर निवृत्तिवेतन व विम्याची रक्कमसुद्धा. त्यामुळे शाळेत वा रुग्णालयात उमेदीची वर्षे घालवलेल्या भगिनीजवळ बाहेर पडताना स्वकष्टाची बचत नसते. संपत्तीचा संपूर्ण त्याग न केलेल्यांची पूर्वीची मालमत्ता तेवढी त्यांचीच राहते.

१९१७ ची जुनी संहिता या बाबतीत अधिक नेमकी होती. मठप्रवेशाच्या वेळी भगिनीने आणलेली रक्कम (तिलाही हुंडाच म्हणत) जाताना परत करावी लागे. हुंड्याविना आलेली भगिनी निर्धन असल्यास तिला सुखरूप घरी पोहोचण्यापुरते व काही काळ सन्मानाने जगण्यापुरते साहाय्य देणे संघावर बंधनकारक होते.

संघाबाहेर पडलेल्या काही भगिनींवर उपजीविकेसाठी देहविक्रयाची वेळ आल्याचे व्हॅटिकनमधील संबंधित विभागाचे प्रमुख कार्डिनल जुआंव ब्राझ दि अविझ यांनी २०२० मध्ये एका मुलाखतीत सांगितले. निराधार झालेल्या अशा भगिनींसाठी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये निवारागृह उघडल्याची माहितीही त्यांनी दिली.