परमची पहिली आज्ञा: रिकाम्या प्रोसेसरांवर कार्यप्रणाली कशी चढली?

१/ वडनेर भोलजीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वेस अकोला ओलांडून मूर्तिजापूरला पोहोचतो. त्याच तालुक्यातील मुरंबा येथे १९४६ साली विजय भटकर यांचा जन्म झाला. पुढे 'परम' महासंगणकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. मात्र परमची जी कथा आपण नेहमी ऐकतो, ती अर्धीच आहे.

२/ ऐकिवातली कथा अशी: अमेरिकेने महासंगणक नाकारला आणि पुण्याने तो स्वतः घडविला. यातील पूर्वार्धाला आधार आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे कंपनीचे प्रबळ यंत्र हवे होते. त्याचा उपयोग अण्वस्त्रांच्या गणितासाठी होईल, या शंकेने ते मिळाले नाही. हवामान अंदाजासाठी दिल्लीत लहान क्रे एक्स-एमपी/१४ आला, तोही देखरेखीच्या अटींसह.

३/ १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. भटकर त्याचे संचालक होते आणि हाती मुदत तीन वर्षांची होती. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्यात ६४ प्रोसेसर होते आणि ही संख्या २५६ पर्यंत वाढविता येत असे.

४/ कथेचा उत्तरार्ध येथे तपासावा लागतो. हे प्रोसेसर भारतीय नव्हते. ते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते. तयार महासंगणक निर्यातबंदीत अडकत असे. ही लहान चिप मात्र बाजारात विकत मिळत होती. मग परममध्ये पुण्याचे काय होते?

५/ उत्तरासाठी यंत्र सुरू होण्याचा क्षण पाहू. आज सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, एकदा डिस्कवर बसविली की ती तेथेच राहते. परमच्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला अशी स्वतःची डिस्क नव्हती. वीज गेली की स्मृती कोरी. म्हणून प्रत्येक प्रारंभ ही नवी स्थापनाच असे.

६/ टी-८०० मध्ये चिपवरच ४ किलोबाइट स्मृती होती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. दुव्यावरून सुरू होण्याच्या रीतीत कोरा ट्रान्सप्युटर या चारांपैकी कोणत्याही दुव्यावर पहिला बाइट येण्याची वाट पाहत बसे.

७/ त्या बाइटचे मूल्य ० असल्यास स्मृतीत लिहावयाचे, १ असल्यास स्मृतीतून वाचून दाखवावयाचे. मूल्य २ किंवा अधिक असल्यास तेवढे बाइट स्मृतीत उतरवून घ्यावयाचे आणि लगेच ते चालवावयाचे. बाइटचे कमाल मूल्य २५५, म्हणून पहिला प्रोग्रॅमही २५५ बाइटांहून मोठा नसे. तो मग मोठा प्रोग्रॅम मागवून घेई.

८/ उरलेल्यांपर्यंत तो कसा पोहोचे? पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा हातोहात सरकतो: प्रत्येक जण एक ठेवून घेतो आणि उरलेला शेजाऱ्याकडे देतो. ट्रान्सप्युटरांच्या जाळ्यात हीच रीत होती. पुढे जोडलेल्या यजमान संगणकाकडून पहिला ट्रान्सप्युटर जागा होई, तो शेजाऱ्याला जागे करी, आणि साखळी पुढे जाई.

९/ सर्व जागे झाले, तरी एक गणित ६४ जणांत वाटायचे कसे? कोणी कोणाला कधी उत्तर द्यायचे? एकही प्रोसेसर वाट पाहत अडकला, तर सारे काम खोळंबे. त्यासाठी सी-डॅकने 'पारस' ही प्रोग्रॅम लिहिण्याची व चालविण्याची व्यवस्था उभारली. विकतच्या चिपांचे एक यंत्र झाले ते या जोडणीमुळे आणि आज्ञावलीमुळे. पुण्याचे कर्तृत्व येथे शोधावे.

१०/ याला पुढील इतिहासाचीही साक्ष आहे. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये ट्रान्सप्युटर उरले नव्हते. त्यात सन कंपनीचे सर्व्हर होते आणि त्यांवर सोलारिस ही सनचीच कार्यप्रणाली. चिप बदलली, कार्यप्रणाली बदलली. पण अनेक संगणकांना एका कामास जुंपण्याची विद्या टिकली. सर्व्हरांना जोडणारे 'परमनेट' हे जाळे सी-डॅकचे होते.

११/ आजही डेटा सेंटरमधला कोरा सर्व्हर नेटवर्कवरून पहिल्या सूचना मागवितो आणि मग त्यावर कार्यप्रणाली बसते. तंत्र वेगळे, प्रश्न तोच: ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला पहिली आज्ञा कोण देणार?

१२/ 'सारे काही आपणच बनविले' हे वाक्य अभिमानाचे वाटते, परंतु ते खऱ्या कामगिरीला झाकून टाकते. चिप परकी होती हे मान्य केल्यावरच दिसते, की नाकारले गेले होते ते यंत्र, आणि पुण्यात कमावली गेली ती ते घडविण्याची विद्या.

(समाप्त)