कंदिलाच्या काचेची कुळकथा

ज्वारी राखायला जागलीला गेलेल्या माणसाच्या कंदिलावर परतीच्या पावसाचा एक थेंब पडायचा आणि काच तडकायची. बोल लागायचा पावसाला. पण फुटण्याची निम्मी तयारी ती काच कारखान्यातूनच करून आलेली असे.

पहिल्या महायुद्धापूर्वी काचसामान बहुतेक ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमचं. मुंबईला उतरायचं, जीआयपी रेल्वेनं अकोल्याला नाहीतर बडनेऱ्याला यायचं आणि पुढे बंडीत हेलकावे खात खेड्यात. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभारला. त्यातून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. युद्धानं जर्मन-ऑस्ट्रियन माल तुटला आणि 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंची भट्टी पेटली. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघरी गेला.

फुंकून घडवलेली काच बाहेरून आधी निवते, आतून मागाहून. आतला भाग आक्रसू पाहतो, घट्ट झालेली बाहेरची बाजू त्याला आक्रसू देत नाही, आणि ही ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. म्हणून घडवलेली काच साधारण साडेपाचशे अंश सेल्सियसपाशी धरून मग हळूहळू थंड करावी लागते. इथे घाई केली, की काच दिसायला चोख, आणि फुटायला निमित्त शोधणारी.

दुसरं दुखणं पृष्ठभागाचं. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं 1920 मध्ये दाखवलं, की नुकताच ओढलेला अतिबारीक काचतंतू साध्या काचेच्या सुमारे 20 पट ताण सोसतो. फरक सूक्ष्म चिरांचा. सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. बंडीत काचेला काच घासली, काजळी काढताना राखेत रेतीचा कण आला, कडेचा टवका उडाला, की चीर तयार. मग तापलेल्या काचेवर थेंब पडतो, तेवढीच जागा झटकन आक्रसते, आजूबाजूची काच तिला ताणते आणि चीर धावत सुटते. घरातल्या धुण्या-पुसण्याला आपण फारच निरुपद्रवी समजतो.

अमेरिकेतल्या रेल्वेच्या कंदिलांनाही पावसाचा हाच रोग होता. त्यावर कॉर्निंग कंपनीनं बोरॉन घालून, तापल्यावर कमी फुगणारी काच काढली. 1915 मध्ये त्याच कुळातलं पायरेक्स स्वयंपाकघरात शिरलं.

आपल्याकडचं गिऱ्हाईक मात्र काच घेताना टिचकी मारून बघे. मोठा तडा असला तर आवाज बद्द येतो. कोंडलेला ताण टिचकीला सापडत नाही; ध्रुवीकृत प्रकाशात धरल्यावर तो रंगीत पट्ट्यांनी दिसतो.