रात्रीच्या छायाचित्रातील अंधार : फ्लॅश, एक्स्पोजर आणि स्थानिक इतिहासाचे साधन

प्रस्तावना

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात जुन्या छायाचित्रांचा वापर अलीकडे वाढला आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि मोडी कागद किंवा शिलालेख वाचताना आपण जी साधनचिकित्सा करतो, ती छायाचित्राच्या वाट्याला क्वचितच येते. चित्रात जे दिसते ते होते आणि जे दिसत नाही ते नव्हते, असे आपण नकळत गृहीत धरतो. दिवसाउजेडी काढलेल्या चित्राबाबत हे गृहीतक बऱ्याच अंशी चालून जाते. रात्री फ्लॅश वापरून काढलेल्या चित्राबाबत मात्र ते फसवे ठरते. प्रस्तुत लेखात सावनेर परिसरातील जुन्या लग्नांच्या अल्बममध्ये हमखास आढळणारे वरातीचे छायाचित्र समोर ठेवून हा मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

नागपूर-छिंदवाडा मार्गावरील सावनेर हे कापूस व संत्र्याच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. येथील १९७० व १९८० च्या दशकांतील वरातीचे चित्र साधारण एकाच साच्याचे असते. नवरदेव, त्याच्या शेजारी करवला, घोड्याची मान, एखाद-दुसरा बँडवाला हे सर्व लख्ख दिसतात. त्यांच्या मागे गर्द काळोख आणि त्या काळोखात चार-दोन पांढरे ठिपके. हे ठिपके म्हणजे गॅसबत्त्या होत. प्रत्येक गॅसबत्तीखाली ती डोक्यावर घेऊन चालणारा एक मजूर होता. चित्रात दिवा आहे, मजूर नाही. तो का नाही, याचे पहिले उत्तर समाजरचनेत शोधण्यापूर्वी कॅमेऱ्यात शोधावे लागते.

कृत्रिम प्रकाशाची वाटचाल

महाराष्ट्रात छायाचित्रणाची संघटित सुरुवात १८५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीपासून धरली जाते. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. त्या काळात प्रकाश म्हणजे सूर्यप्रकाशच. मेजर रॉबर्ट गिल यांची अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मॅग्नेशियमची तार जाळून छायाचित्र घेण्याचा प्रयोग यशस्वी झाला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियम व पोटॅशियम क्लोरेट यांचे भडका उडणारे मिश्रण तयार झाले. धूर, राख व भाजण्याची भीती यांमुळे ते सभागृहात वापरणे जिकिरीचेच होते. १९२९-३० च्या सुमारास काचेत बंद केलेला फ्लॅशबल्ब आला, तो एकदाच पेटे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांची १९४० व १९५० च्या दशकांतील दिल्लीतील कारकीर्द ही याच बल्बच्या काळातील होय. दरम्यान हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ पासून विकसित केलेल्या विद्युत्-फ्लॅशने पुढे बल्बची जागा घेतली. पुनःपुन्हा वापरता येणारा हा फ्लॅश स्वस्त झाल्यावरच तालुक्याच्या स्टुडिओपर्यंत पोहोचला.

दोन प्रकाशांचा हिशोब

रात्रीच्या चित्रात दोन प्रकाश एकाच फिल्मवर पडत असतात, एक फ्लॅशचा आणि दुसरा तेथे आधीच असलेला. दोहोंचे नियम वेगळे आहेत. विद्युत्-फ्लॅशचा लखलखाट साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही अल्प असतो. त्यामुळे शटर किती वेळ उघडे राहिले याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो ठरतो भिंगाचे अ‍ॅपर्चर, फ्लॅशपासूनचे अंतर आणि फिल्मची संवेदनक्षमता यांवर. गॅसबत्तीसारख्या स्थिर प्रकाशाला मात्र शटरचा अवधी मिळेल तेवढा हवा असतो.

मॅन्युअल फ्लॅशसाठी छायाचित्रकाराजवळ एकच गणित असे. फ्लॅशचा गाइड नंबर मीटरमधील अंतराने भागला की अ‍ॅपर्चर मिळते. समजा १०० एएसए फिल्मसाठी गाइड नंबर २८ आहे आणि नवरदेव साडेतीन मीटरवर आहे. तर अ‍ॅपर्चर एफ ८. हे एक्स्पोजर नवरदेवापुरते अचूक. परंतु प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. सात मीटरवरील माणसाला चौथा हिस्सा आणि चौदा मीटरवरील माणसाला अवघा सोळावा हिस्सा प्रकाश मिळतो. शटर बहुधा १/६० वर, कारण पडद्याचे शटर असलेल्या अनेक कॅमेऱ्यांत त्याहून वेगवान शटर ठेवल्यास अर्धी चौकट काळी येण्याचा धोका असे. १/६० आणि एफ ८ या जोडीत गॅसबत्तीच्या उजेडाची फिल्मवर नोंद होण्याइतकी सवड नसते. ज्योत तेवढी उमटते.

समतोल साधणे अशक्य नव्हते. शटर १/८ वर आणले तर फ्लॅशचा परिणाम तोच राहतो आणि गॅसबत्तीचा उजेड सुमारे आठपट नोंदला जातो. अ‍ॅपर्चर एफ ४ केले तर तो आणखी चौपट. मात्र मग नवरदेवावरील फ्लॅश एक चतुर्थांशावर आणावा लागतो. शक्ती कमी-जास्त करण्याची सोय नसलेल्या फ्लॅशवर पांढऱ्या रुमालाच्या घड्या बांधून ते साधता येई. पण १/८ सेकंदात नाचणारी मंडळी पुसट येतात, हात हलतो, आणि १२० फिल्मच्या रोलवर चौकटी बाराच. पैसे मिळत ते नवरदेवाच्या चेहऱ्याचे. अशा वेळी खात्रीचा आकडा सोडून जोखीम पत्करणारा छायाचित्रकार विरळाच असणार, आणि त्यात त्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. अनामिक मजुराला अंधारात ठेवण्याचा हेतू त्याच्या मनात असण्याची गरजच नव्हती. योग्य एक्स्पोजर कोणासाठी, हा प्रश्न गिऱ्हाइकाने आधीच सोडवलेला होता. समाजरचना येथे येते, पण ती अशी वळणाने येते.

(हाच प्रश्न एकाच चेहऱ्याच्या परिघातही उद्भवतो. पांढऱ्याशुभ्र फेट्याचे तपशील राखावेत की उन्हात रापलेल्या चेहऱ्याचे, याचा निर्णय अर्ध्या स्टॉपच्या फरकात होत असे.)

साधन म्हणून वाचन

या हिशोबाचा उपयोग केवळ लग्नाच्या अल्बमपुरता नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झालेला धम्मदीक्षा सोहळा सकाळी झाला. म्हणूनच त्याच्या छायाचित्रांत दूरवर पसरलेला जनसमुदाय साक्षीला उभा आहे. तेवढाच समुदाय रात्रीच्या सभेला जमला असता आणि एका फ्लॅशवर टिपला गेला असता, तर वक्ता आणि पुढील दोन-तीन रांगा यांपलीकडे काही दिसले नसते. रात्रीच्या सभांच्या चित्रांवरून उपस्थितीचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकाने म्हणून प्रथम प्रकाश कोठे संपतो ते पाहावे. पुढच्या चेहऱ्यांच्या मागे धारदार सावली, जवळचे पांढरेफटक व दूरचे झपाट्याने काळे होत जाणे, या खुणा दिसल्या की पार्श्वभूमीतील काळोखावरून गर्दीविषयी कोणतेही विधान करू नये. उलट दिवे व माणसे दोन्ही दिसत असतील, कडा किंचित हललेल्या असतील, तर छायाचित्रकाराने शटर मुद्दाम मंद ठेवले असण्याचा संभव मोठा. अशा चित्रातील पार्श्वभूमी अधिक विश्वसनीय समजावी. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून स्वयंचलित फ्लॅश बाजारात आले, पण त्यांचा संवेदकही समोरून परतलेला प्रकाशच मोजत असल्याने मागचा अंधार त्यांनी हटवला नाही.

येथे एक व्यावहारिक बाब नोंदवणे आवश्यक वाटते. अल्बममधील प्रत ही स्टुडिओने चेहऱ्यासाठी छापलेली असते. मूळ निगेटिव्हच्या जवळजवळ पारदर्शक भागात कधीकधी त्याहून अधिक तपशील शिल्लक असतो आणि स्कॅनरवर तो थोडाफार उजळता येतो. दिव्याखालचा खांदा, मुंडासे, क्वचित चेहराही. डिजिटल कॅमेऱ्यांच्या आगमनानंतर गावोगावचे स्टुडिओ बंद पडले किंवा त्यांनी व्यवसाय बदलला. जुन्या कृष्णधवल निगेटिव्ह चांदीसाठी भंगारातही गेल्या. ज्या उरल्या आहेत त्या अल्बमच्या आधी मागितल्या पाहिजेत आणि उजळलेली चौकट घेऊन गावातील वृद्धांकडे गेले पाहिजे. नवरदेवाचे नाव अल्बमवर लिहिलेले असते. गॅसबत्ती कोणाच्या डोक्यावर होती हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत.